दुर्गेचे डॉक्टर आणि संप्रेरकांची इंजेक्शने

३ ऑक्टोबर १९७८. कलकत्त्यात पूजेचे मांडव उभे राहत होते आणि शहरातील एका खासगी रुग्णालयात सिझेरियनने एक मुलगी जन्माला आली. पूजेच्या दिवसांतली म्हणून ती दुर्गा या नावाने ओळखली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन ही जगातील पहिली टेस्ट ट्यूब बेबी जन्मून तेव्हा अवघे सत्तर दिवस झाले होते. दुर्गा जगातील दुसरी आणि भारतातील पहिली. तिच्या जन्मामागे होते डॉ. सुभाष मुखोपाध्याय, म्हणजेच सुभाष मुखर्जी. सरकारी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे सत्तेचाळीस वर्षांचे प्राध्यापक.

हे नाव आता बऱ्याच जणांना माहीत आहे. तपन सिन्हा यांचा १९९० चा 'एक डॉक्टर की मौत' हा चित्रपट त्यांच्याच आयुष्यावरून सुचलेला. चित्रपटातला डॉक्टर मात्र कुष्ठरोगावरील लस शोधतो, त्यामुळे मूळ माणसाने नेमके काय केले होते, हे पडद्यावर दिसत नाही. त्यांची शोकांतिका सर्वांना ठाऊक झाली आणि त्यांचे काम मागे पडले. खरे तर ते काम आज मूल होण्यासाठी इंजेक्शने घेणाऱ्या प्रत्येक स्त्रीच्या कामाचे आहे. मुखोपाध्याय यांनी दोन गोष्टी केल्या. स्त्रीच्या अंडाशयाला संप्रेरकांची, म्हणजे हार्मोन्सची इंजेक्शने देऊन एकाच महिन्यात अनेक बीजे तयार करवली, आणि तयार झालेले भ्रूण लगेच गर्भाशयात न सोडता गोठवून ठेवले. पहिली गोष्ट आज जगभर रोज होते. तिच्यातून क्वचित जिवावर बेतणारी गुंतागुंत उद्भवते. आणि त्या गुंतागुंतीपासून बचाव करण्याचा आजचा एक प्रमुख उपाय म्हणजे त्यांनी केलेली दुसरी गोष्ट.

सुभाषबाबूंचा जन्म १६ जानेवारी १९३१ चा, हजारीबागचा, म्हणजे आजच्या झारखंडमधला. शिक्षण कलकत्त्यात. शरीरक्रियाशास्त्राची पदवी आणि १९५५ मध्ये नॅशनल मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस. दवाखाना थाटून बसण्याऐवजी ते प्रजननाच्या शरीरक्रियाशास्त्रात शिरले आणि १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे ते एडिंबरोला गेले. तिथे डॉ. जॉन लोरेन यांची प्रयोगशाळा संप्रेरकांच्या मोजमापासाठी नावाजलेली होती. रक्तातील हार्मोन आज तालुक्याच्या लॅबमध्येही तपासून मिळते. त्या काळी मूत्रातून संप्रेरक वेगळे काढायचे, प्राण्यांवर त्याचा परिणाम पाहायचा आणि त्यावरून प्रमाण काढायचे, असा किचकट मामला होता. एडिंबरोत १९६७ मध्ये त्यांना दुसरी डॉक्टरेट मिळाली ती याच क्षेत्रात. हा तपशील कोरडा वाटेल, पण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. हे औषध किती द्यायचे, कधी थांबवायचे, हे ज्याला मोजता येते त्यानेच ते हातात घ्यावे, असे ते औषध आहे.

त्या औषधाची कथाही सांगण्यासारखी आहे. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला दर महिन्याला संदेश पाठवते. त्या संदेशाने साधारणपणे एकच बीज पिकून बाहेर पडते. हा संदेश बाहेरून देता आला तर ज्यांची बीजे पिकत नाहीत अशा स्त्रियांना मूल होऊ शकेल, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लक्षात आले होते. प्रश्न होता संप्रेरक आणायचे कुठून. स्वीडनच्या कार्ल गेम्झेल यांनी १९५० च्या दशकाअखेर ते मृतदेहांतील पीयूषिका ग्रंथींतून काढले. त्याने बीजे पिकली, मुलेही झाली. पण अशाच मृतदेहांतून काढलेले औषध ऑस्ट्रेलियात १९८५ पर्यंत दिले गेले आणि ते घेतलेल्या काही स्त्रियांना बऱ्याच वर्षांनी क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा मेंदू पोखरणारा, हमखास प्राणघातक आजार झाला. मूल होण्यासाठी घेतलेल्या इंजेक्शनाची ही बहुधा सर्वांत उशिरा आलेली आणि सर्वांत क्रूर गुंतागुंत. ते औषध नंतर बंद झाले.

दुसरा मार्ग इटलीत सापडला होता. पाळी गेलेल्या स्त्रियांच्या शरीरात हे संप्रेरक भरपूर तयार होते आणि मूत्रावाटे बाहेर पडते. पिएरो डोनिनी या शास्त्रज्ञाने मूत्रातून ते वेगळे काढले. मग मठांतील वृद्ध नन्सचे मूत्र मोठ्या प्रमाणावर गोळा करून औषध बनू लागले. इस्रायलमध्ये ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी ते वापरले आणि १९६२ मध्ये त्यातून पहिले मूल जन्मले. या औषधाचे नाव ह्युमन मेनोपॉझल गोनॅडोट्रोपिन, थोडक्यात एचएमजी. आज प्रयोगशाळेत बनवलेली शुद्ध रूपेही मिळतात, पण एचएमजी हे नाव वंध्यत्वाच्या केस पेपरवर अजूनही दिसते. मुखोपाध्याय यांनी दुर्गेच्या आईला दिले ते हेच.

परदेशातून परतल्यावर त्यांनी कलकत्त्याच्या नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात आणि नंतर बांकुऱ्याच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकवले. नंदुरबार जिल्ह्यातील वाचकाला बांकुरा परके वाटू नये. पश्चिम बंगालचा तो कोरडवाहू, लाल मातीचा भाग. संथाळ आदिवासींची मोठी वस्ती आणि राजधानी दूर. संशोधनासाठी मोठा निधी नव्हता. साथीला दोनच माणसे होती. जादवपूर विद्यापीठातील सुनीत मुखर्जी, जे अतिशीत तापमानात पेशी टिकवण्याचे तंत्र जाणत होते, आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य.

दुर्गेच्या आईच्या बीजवाहिन्या निकामी होत्या. बीज तयार होत होते, पण शुक्राणूपर्यंत पोहोचण्याची वाटच बंद. इंग्लंडमध्ये स्टेप्टो आणि एडवर्ड्स याच अडचणीवर काम करत होते. त्यांनी सुरुवातीची कित्येक वर्षे संप्रेरकांची इंजेक्शने देऊन बीजे मिळवली, पण गर्भ टिकेना. इंजेक्शनांमुळे गर्भाशयाची त्या महिन्यातील तयारी बिघडते, असे त्यांचे मत झाले. शेवटी त्यांनी इंजेक्शने सोडून दिली आणि नैसर्गिक पाळीतील एकुलत्या एका बीजावर भिस्त ठेवली. लुईस ब्राऊन त्यातून जन्मली.

मुखोपाध्याय यांच्यासमोर कोडे तेच होते, उत्तर वेगळे काढले. इंजेक्शनांनी बीजे भरपूर मिळतात हा फायदा सोडायचा कशाला? गर्भाशय त्या महिन्यात तयार नसेल तर त्या महिन्यात गर्भ सोडू नये. त्यांनी एचएमजी देऊन बीजे पिकवली. योनिमार्गातून छोटा छेद घेऊन ती बाहेर काढली. त्यासाठी दुर्बिणीची महागडी सामग्री लागली नाही. प्रयोगशाळेत फलन घडवले आणि भ्रूण आठ पेशींचे झाल्यावर डायमिथिल सल्फॉक्साइड हे संरक्षक द्रव्य वापरून ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवले. सत्तरच्या दशकातील कलकत्ता आणि तिथले लोडशेडिंग आठवणाऱ्यांना प्रश्न पडेल, वीज गेली की काय होत असेल? काही होत नाही. द्रवरूप नायट्रोजनला वीज लागत नाही. उणे १९६ अंशांचा तो द्रव भांड्यात वेळेवर भरत राहिले की झाले. गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी गावोगाव नेतात ती भांडी तशीच असतात. त्रेपन्न दिवसांनी, आईची नैसर्गिक पाळी सुरू असताना, भ्रूण बाहेर काढून गर्भाशयात सोडले गेले. गर्भ राहिला.

गोठवलेल्या भ्रूणापासून मूल होणे ही जगाच्या दृष्टीने त्या वेळी कल्पनाच होती. ऑस्ट्रेलिया आणि नेदरलँड्समध्ये अशी मुले जन्मली ती १९८४ मध्ये.

आता या इंजेक्शनांच्या दुसऱ्या बाजूकडे. निसर्ग महिन्याला एक बीज पिकवतो, इंजेक्शने दहा-पंधरा पिकवतात. प्रत्येक बीजाभोवती पाण्याची पिशवी असते आणि तिच्या भिंती इस्ट्रोजेन तयार करतात. बीजे पक्व झाली की शेवटचे इंजेक्शन देतात ते एचसीजीचे. त्याला डॉक्टर ट्रिगर म्हणतात. बहुतेक स्त्रियांना यानंतर थोडे पोट जड वाटते, चार-सहा दिवसांत बरे वाटते. पण काहींची अंडाशये या ट्रिगरनंतर बेफाम होतात. एरवी तीन सेंटिमीटरच्या आसपास असणारे अंडाशय बारा सेंटिमीटरपेक्षाही मोठे होऊ शकते. त्यातून एक रसायन रक्तात उतरते, जे शरीरभरच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती झिरपत्या करते. रक्तातले पाणी आणि प्रथिने वाहिन्यांबाहेर पाझरतात आणि पोटात, कधी छातीत साठतात. शरीरात पाणी भरपूर, पण ते चुकीच्या जागी. रक्तवाहिन्यांत मात्र दुष्काळ. रक्त घट्ट होते, लघवी कमी होते, मूत्रपिंडे थकतात आणि घट्ट रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो.

याला ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम, थोडक्यात ओएचएसएस म्हणतात. सौम्य स्वरूपात तो टेस्ट ट्यूबच्या उपचारात तिसऱ्या हिश्श्यापर्यंत स्त्रियांना जाणवू शकतो आणि आपोआप ओसरतो. तीव्र स्वरूप शंभरात एखाद-दोघींना किंवा त्याहूनही कमी. मृत्यू फारच विरळा. पण विरळा असला तरी तो बहुधा तरुण, धडधाकट स्त्रीचा असतो, जी आजारी म्हणून दवाखान्यात आलेलीच नव्हती. इस्रायलच्या डॉक्टरांनी १९६५ मध्येच 'लॅन्सेट' या नियतकालिकात या इंजेक्शनांनंतर रक्तवाहिन्यांत गुठळ्या झालेल्या रुग्णांची नोंद केली होती. या गुठळ्यांची आणखी एक खोड अशी, की त्या केवळ पायात होत नाहीत. मानेच्या आणि हाताच्या शिरांतही होतात, कधी मेंदूच्या रक्तवाहिनीत. मान दुखते, हात सुजतो आणि कोणाच्या मनात टेस्ट ट्यूबचा उपचार येत नाही. दुसरी विरळ गुंतागुंत म्हणजे फुगलेल्या अंडाशयाला पीळ बसणे. अचानक एका बाजूला असह्य कळ येते, उलट्या होतात. पीळ वेळेत सोडवला नाही तर अंडाशय गमवावे लागते.

मुखोपाध्याय यांच्या काळात सोनोग्राफीने अंडाशय रोज पाहण्याची सोय नव्हती. मूत्रातील इस्ट्रोजेन मोजायचे, गर्भाशयमुखावरील स्राव तपासायचा आणि अंदाज बांधायचा, एवढेच हातात होते. एडिंबरोतील ती कोरडी वाटणारी वर्षे इथे कामी येतात.

आजची अडचण वेगळी आहे. उपचार मोठ्या शहरात होतो आणि गुंतागुंत घरी होते. शहादा तालुक्यातील म्हसावदचेच उदाहरण घेऊ. सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावातून टेस्ट ट्यूब उपचारासाठी जायचे तर नाशिक, सुरत किंवा त्याहून दूर. इंजेक्शने झाली, बीजे काढली, की जोडपे घरी परतते. ओएचएसएस उद्भवतो तो ट्रिगरनंतर तीन ते सात दिवसांत. गर्भ राहिला तर दहा दिवसांनंतरही, कारण वाढणारा गर्भ स्वतःच एचसीजी तयार करतो आणि आगीत तेल पडते. म्हणजे पहिल्यांदा पोट फुगते तेव्हा स्त्री गावात असते आणि पहिला डॉक्टर गावातला किंवा ग्रामीण रुग्णालयातला असतो. त्यातून अनेक जोडपी उपचाराची गोष्ट घरच्यांपासूनही लपवतात. सून पोट फुगले म्हणते, सासू गॅस झाला म्हणते. डॉक्टरला इंजेक्शनांबद्दल कोणी सांगत नाही. तो पोटदुखीचे म्हणून डायक्लोफिनॅकचे इंजेक्शन देतो, जे अशा वेळी मूत्रपिंडाला आणखी घातक. पोटात पाणी दिसले की लघवी जास्त होण्याचे औषध सुरू होते, जे आधीच घट्ट झालेले रक्त अधिक घट्ट करते. हेतू सगळ्यांचेच चांगले असतात.

म्हणून उपचार घेणाऱ्या स्त्रीने आपला केस पेपर आणि इंजेक्शनांची यादी जवळ ठेवावी आणि ज्या डॉक्टरकडे जाईल त्याला ती दाखवावी. लाजण्याचे काही कारण नाही. ट्रिगरनंतर रोज सकाळी वजन करावे. एका दिवसात किलोभर किंवा अधिक वजन वाढले, कमरेचा घेर झपाट्याने वाढला, उलट्या थांबेनात, लघवी अगदी कमी होऊ लागली, दम लागला, पोटात जोरात कळ आली किंवा मान, हात, पाय दुखून सुजला, तर उपचार केंद्राला लगेच फोन करावा आणि शहादा किंवा नंदुरबारच्या मोठ्या रुग्णालयात जावे. वाट पाहण्याची ही वेळ नव्हे. दुखण्यासाठी पॅरासिटॅमॉल चालते. पोट चोळून घेणे, मालीश करणे टाळावे; फुगलेले अंडाशय नाजूक असते, फुटू शकते. गर्भाशयात गर्भ दिसला तरी गाफील राहू नये, कारण या उपचारांत क्वचित एक गर्भ गर्भाशयात आणि दुसरा बीजवाहिनीत, असेही घडते.

धोका कोणाला अधिक? वय कमी, अंगाने सडपातळ, पीसीओडी असलेली, अंडाशयात बीजांचा साठा जास्त असलेली, किंवा पूर्वी हा त्रास होऊन गेलेली. सातपुड्याच्या भागात या यादीत आणखी एक गोष्ट घालायला हवी, ती सिकलसेल. भिल्ल, पावरा आणि इतर आदिवासी समाजांत हा आनुवंशिक आजार बराच आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाचे रक्त मुळातच गुठळीकडे झुकलेले असते आणि पाणी कमी पडले की वेदनेचा झटका येतो. ओएचएसएसमध्ये नेमक्या या दोन्ही गोष्टी घडतात. तेव्हा इंजेक्शने सुरू करण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घेणे आणि आजार असल्यास तो उपचार केंद्राला ठळकपणे सांगणे, हे या जिल्ह्यात तरी सक्तीचे समजावे.

आणि इथेच मुखोपाध्याय यांची गोठवण्याची युक्ती पुन्हा समोर येते. इंजेक्शनांना अंडाशयाने जास्तच प्रतिसाद दिला, असे सोनोग्राफीत दिसले तर आज चांगली केंद्रे त्या महिन्यात गर्भ सोडतच नाहीत. सगळे भ्रूण गोठवतात. गर्भ नाही म्हणजे नवे एचसीजी नाही, आणि अंडाशये पुढच्या पाळीपर्यंत निवळतात. एचसीजीऐवजी दुसऱ्या प्रकारचे सौम्य ट्रिगरही आता वापरता येते. ते शरीरातलेच संप्रेरक थोड्या वेळापुरते वाढवते. त्याने गर्भाशयाचे अस्तर कच्चे राहते, पण भ्रूण गोठवणारच असतील तर बिघडत नाही. या दोन्हींची जोड मिळाल्यापासून तीव्र ओएचएसएस खूपच कमी झाला आहे. पूर्ण संपला असे मात्र नाही. मुखोपाध्याय यांनी गोठवण्याचा मार्ग धरला तो गर्भाशयाच्या तयारीसाठी, ओएचएसएस टाळण्यासाठी नव्हे. तरी ज्या महिन्यात अंडाशय चेतवले त्या महिन्यात गर्भ सोडू नये, हा विचार त्यांचाच.

त्यांच्या वाट्याला मात्र शाबासकी आली नाही. दुर्गेच्या जन्माची बातमी फुटली आणि लगोलग संशय सुरू झाला. नोव्हेंबर १९७८ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने चौकशी समिती नेमली. समितीचे प्रमुख रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. सदस्यांत स्त्रीरोग आणि शरीरक्रियाशास्त्राची माणसे होती, पण शरीराबाहेर फलन घडवण्याचा किंवा भ्रूण गोठवण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. तेव्हा तो देशात दुसऱ्या कोणाला नव्हताच म्हणा. दुर्गेचे आईवडील सनातनी कुटुंबातले. त्यांना लोकांसमोर यायचे नव्हते आणि डॉक्टरांनी त्यांची गोपनीयता सांभाळली. समितीने दावा खोटा ठरवला. शंका घेणे हे विज्ञानाचे कामच आहे, आणि एका रुग्णावरच्या दाव्याला पुरावा मागण्यात गैर काही नाही. गैर होते ते पुढचे. काम पुन्हा करून दाखवण्याची सोयच त्यांच्यापासून काढून घेतली गेली. १९७९ मध्ये जपानमधून व्याख्यानाचे निमंत्रण आले, तर सरकारी नोकर म्हणून जाण्याची परवानगी मिळाली नाही. वैज्ञानिक मंडळी एकमेकांचे काम तपासतात ती अशाच परिषदांतून. तीच खिडकी बंद झाली.

हृदयविकाराचा झटका येऊन गेला. १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती कलकत्त्यातील नेत्ररोग संस्थेत. आयुष्यभर संप्रेरकांवर काम केलेल्या माणसाला डोळ्यांच्या विभागात पाठवणे, यामागे कोणते प्रशासकीय गणित होते कोण जाणे. त्याच वर्षी त्यांनी आपले जीवन संपवले. पन्नाशी पूर्ण होऊन काही महिनेच झाले होते. पत्नी नमिता शिक्षिका होत्या. पतीचे हस्तलिखित कागद आणि नोंदी मागे उरल्या.

पाच वर्षांनी, ६ ऑगस्ट १९८६ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात एक मुलगी जन्मली आणि भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून तिची नोंद झाली. डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे ते काम. प्रत्येक पायरीची शास्त्रीय नोंद असलेले हे यश निर्विवाद होते आणि महाराष्ट्राला त्याचा योग्य अभिमानही आहे. ही कहाणी इथेच संपली असती तर मुखोपाध्याय यांचे नाव आज कदाचित तळटीपेतही नसते.

ते टिकले ते आनंद कुमार यांच्यामुळे. १९९७ मध्ये ते एका परिषदेसाठी कलकत्त्याला गेले असता मुखोपाध्याय यांची कागदपत्रे त्यांच्या हाती आली. त्यांनी ती ओळ न ओळ वाचली. कोणते औषध किती दिले, बीजे कशी काढली, कशात गोठवली, किती दिवसांनी सोडली, हे सगळे त्यांनी स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहिले. हे काम ज्याने केलेले नाही त्याला अशा नोंदी बनवता येणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. मग 'करंट सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी जाहीर केले, की भारताच्या पहिल्या टेस्ट ट्यूब बेबीचे श्रेय सुभाष मुखर्जींचे आहे. म्हणजे पहिलेपणाचा जो मान त्यांच्या स्वतःच्या चमूकडे होता, तो त्यांनी आपल्या हाताने दुसऱ्याला दिला. वैद्यकाच्या इतिहासात मान हिसकावल्याच्या गोष्टी पुष्कळ सापडतात, मान परत केल्याच्या अगदी थोड्या. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही मुखोपाध्याय यांच्या कामाची दखल घेतली. एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल मिळाले. नोबेल मरणोत्तर देत नाहीत.

आता देशात या उपचारांसाठी २०२१ चा कायदा आहे. केंद्राची नोंदणी सक्तीची आहे, आणि उपचाराचे दुष्परिणाम व धोके जोडप्याला आधी सांगणे ही केंद्राची जबाबदारी आहे. बीजदान करणाऱ्या स्त्रीवर आयुष्यात एकदाच ही प्रक्रिया करता येते आणि सातपेक्षा जास्त बीजे काढता येत नाहीत. ओएचएसएसचा धोका तिलाही तेवढाच असतो, मूल मात्र दुसऱ्याचे. नोंदणी क्रमांक विचारणे, ट्रिगर कोणते देणार हे विचारणे, अंडाशयाने जास्त प्रतिसाद दिला तर भ्रूण गोठवण्याची सोय आहे का हे विचारणे, हा रुग्णाचा हक्क आहे. गोठवण्याचा खर्च आधीच विचारून ठेवावा, कारण पैसे पुरणार नाहीत म्हणून त्याच महिन्यात गर्भ सोडण्याचा आग्रह अनेकदा जोडप्याकडूनच होतो.

दुर्गा २००३ मध्ये, पंचविसाव्या वाढदिवशी, पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि आपला जन्म कसा झाला हे तिने उघडपणे सांगितले. नमिता मुखोपाध्याय तेव्हा हयात होत्या.